जुन्या संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड

संगणकाचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी असते. फुल एचडी पडद्यावर एका ओळीत १९२० ठिपके असतात आणि अशा १०८० ओळी असतात. म्हणजे एकूण वीस लाखांहून अधिक ठिपके! दृश्य हलते दिसावे म्हणून ते सेकंदाला साधारण ६० वेळा नव्याने रंगवले जातात. हे काम करणाऱ्या भागाला ग्राफिक्स कार्ड म्हणतात.

पुष्कळ जुन्या संगणकांत असे वेगळे कार्ड नसते. प्रोसेसरमधला एक छोटा भागच हे काम सांभाळतो. इमारतीचे आराखडे काढणारे सॉफ्टवेअर किंवा त्रिमिती खेळ सुरू केला, की तो दमतो. मग घरात विचार सुरू होतो : नवा संगणक परवडत नाही, निदान कार्ड तरी बसवू या. पण साठवलेले पैसे खर्च करण्यापूर्वी काही गोष्टी तपासल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट म्हणजे, दोष खरोखर ग्राफिक्सचा आहे काय? संगणक सुरू व्हायलाच पाच मिनिटे लागत असतील, तर कार्डाने काही फरक पडणार नाही. तेथे रॅम वाढवणे किंवा जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवणे अधिक उपयोगी ठरते.

दुसरी गोष्ट, कार्ड बसण्याची जागा. आजची कार्डे मदरबोर्डवरील पीसीआय एक्सप्रेस नावाच्या लांब स्लॉटमध्ये बसतात. फार जुन्या संगणकांत एजीपी नावाचा वेगळा स्लॉट असे. त्यात ही कार्डे बसत नाहीत. कॅबिनेट अरुंद असेल, तर कमी उंचीचे कार्डच घ्यावे लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, ती म्हणजे वीज. हा लांब स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज देऊ शकतो. त्याहून अधिक वीज लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर जोडावी लागते. जुन्या कार्यालयीन संगणकांचा एसएमपीएस बहुधा लहान असतो आणि त्यात ही वायरच नसते. क्षमतेहून जास्त भार पडला, तर काम चालू असताना संगणक एकाएकी बंद पडतो. म्हणून अशा संगणकासाठी ७५ वॅटच्या आतले कार्ड शोधावे. २०१९ साली आलेले जीटीएक्स १६५० हे ७५ वॅटचे आहे. पण काही उत्पादकांनी त्यालाही वेगळी वायर लागेल अशी रचना केली आहे. म्हणून खोक्यावरील माहिती नीट वाचावी.

चौथी गोष्ट, नावाला भुलू नये. जीटी १०३० हे कार्ड २०१७ साली आले. त्याला फक्त ३० वॅट वीज लागते. पुढच्याच वर्षी त्याच नावाने दुसरे कार्ड आले. पहिल्यात जीडीडीआर ५ मेमरी होती, तर दुसऱ्यात डीडीआर ४. पहिल्याची मेमरी सेकंदाला ४८ गिगाबाइट माहिती पुरवते, तर दुसऱ्याची सुमारे १७! नाव एक, मेमरीही दोन्हींत २ गिगाबाइट. पण कामात मोठा फरक. म्हणून मेमरी किती आहे एवढेच नव्हे, तर ती कोणत्या प्रकारची आहे, हेही विचारावे.

शेवटी मॉनिटर पाहावा. जुन्या मॉनिटरला अनेकदा फक्त निळ्या रंगाची व्हीजीए जोडणी असते, आणि नव्या कार्डांवर ती सहसा नसते. मग जोडणी बदलणारे उपकरण घ्यावे लागते. तो खर्च आधीच हिशेबात धरावा.

मराठीत म्हण आहे, ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत.’ उर्दूत आपण हेच चादरीबद्दल म्हणतो. येथे अंथरूण म्हणजे केवळ खिसा नव्हे, तर जुना संगणकही! तेव्हा घरातील मोठ्या माणसाला सोबत घ्या, संगणकाची वायर भिंतीतून काढा आणि मग कॅबिनेट उघडा. स्लॉट, एसएमपीएसचे वॅट, मोकळी जागा आणि मॉनिटरची जोडणी एका कागदावर लिहा. दुकानात जाताना पैशांबरोबर तो कागदही न्या.