आभासी सृष्टीचा चष्मा कोणाच्या डोळ्यांस बसतो?

दिवाळीच्या वा मे महिन्याच्या सुटींत पुण्यामुंबईहून अथवा परदेशांतून घरीं येणारीं मुलें हल्लीं खाऊबरोबर एक नवें यंत्रही घेऊन येतात. डोळ्यांवर ठेवावयाचें, पट्ट्यांनीं डोक्यास आवळावयाचें, आणि आंत पाहतांच चहूंकडे निराळीच सृष्टि दिसावी, असें हें यंत्र. यास व्हीआर हेडसेट म्हणतात. आपण आभासी सृष्टीचा चष्मा म्हणूं. कुरुंदवाडसारख्या गांवांत, जेथें कांहीं घरीं अजून तीन पिढ्या एका माजघरांत बसतात, तेथें तें एकाच्या मालकीचें राहत नाहीं. खेळ नातवाचा, पाळी मात्र सर्वांची. मग नातू म्हणतो, चित्र किती स्वच्छ! काकू म्हणतात, सारें धुरकट आहे. आणि आजोबा दोन मिनिटांत तें उतरवून कपाळ धरून बसतात. तिघेही खरेंच बोलत असतात. यंत्राच्या माथीं मारला जाणारा दोष पुष्कळदां मापाचा असतो.

युक्ति मुळांत जुनी आहे. दोन डोळ्यांस किंचित् भिन्न अशीं दोन चित्रें दाखविलीं कीं मन त्यांचें एक करून त्यास खोली देतें, हें चार्ल्स व्हीट्स्टन यांनीं १८३८ सालीं आपल्या स्टिरिऑस्कोपनें दाखविलें. १९६८ मध्यें अमेरिकेंत आयव्हन सदरलंड यांनीं डोक्यावर बसणारें पहिलें असें यंत्र केलें. तें छतास जोडलेलें असे. आजच्या क्वेस्ट ३ ह्या यंत्राचें वजन ५१५ ग्रॅम आहे. छत सुटलें, पण अर्धा किलो नाकागालांवर आला, हेंही विसरतां कामा नये.

चित्राच्या स्वच्छतेचा हिशेब साधा आहे. इचलकरंजीचें कापड हातभर अंतरावरून सलग दिसतें. तेंच भिंगाखालीं धरलें कीं ताणाबाणा वेगळा दिसूं लागतो. ह्या यंत्रांतही लहानसा पडदा भिंगांनीं मोठा करून दाखविलेला असतो, म्हणून त्यावरील ठिपके, ज्यांस पिक्सेल म्हणतात, ते उघडे पडतात. २०१३ च्या ऑक्युलसच्या पहिल्या नमुन्यांत एकेका डोळ्यास ६४० गुणिले ८०० ठिपके मिळत, आणि जग मच्छरदाणींतून पाहिल्यासारखें वाटे. २०२३ च्या क्वेस्ट ३ मध्यें ते २०६४ गुणिले २२०८ झाले. तरीही दृष्टीच्या एका अंशांत सुमारें २५ च ठिपके येतात. निरोगी डोळा ६० पर्यंत ओळखूं शकतो. तेव्हां खेळांतील दूरची पाटी अस्पष्ट दिसली तर लगेच डोळ्याच्या डॉक्टरांकडे धांवण्याचें कारण नाहीं.

पण काकूंचा धुरकटपणा ह्या जातीचा नसतो. दोन बाहुल्यांमधील अंतर प्रौढांत सरासरीनें ६३ मिलिमीटरच्या आसपास असतें. कोणाचें ५५, तर कोणाचें ७० हून अधिक. भिंगांमधील अंतर त्यास जुळलें नाहीं तर डोळा भिंगाच्या मध्यांतून न पाहतां कडेनें पाहतो. चित्र फिसकटतें आणि डोळे शिणतात. क्वेस्ट २ मध्यें ५८, ६३ व ६८ असे तीनच टप्पे होते. क्वेस्ट ३ मध्यें चाकी फिरवून माप जुळवितां येतें. नातवानें आपल्यापुरती चाकी फिरविली व यंत्र तसेंच काकूंच्या हातीं दिलें, तर बिचाऱ्या काकूंनीं काय करावें? दुसऱ्याचा चष्मा लावून पोथी वाचावयास बसण्यासारखेंच तें. हें माप चष्म्याच्या दुकानांत काढून मिळतें. घरांतील प्रत्येकाचें एकदां लिहून ठेवावें.

आणखी एक गोष्ट वडील मंडळींसाठीं. आंतलें चित्र डोळ्यांपासून दोन बोटांवर असलें तरी भिंगांच्या योगानें तें एक-दोन मीटर दूर असल्यासारखें दिसतें. म्हणून वाचनाचा चष्मा येथें उपयोगी नाहीं, उलट अडचण करतो. लांबचें पाहण्याचा असेल तर तो मात्र लावावा. शिवाय खेळांतील वस्तु जवळ आली कीं डोळे आंत वळतात, पण त्यांचा नेम त्याच ठराविक अंतरावर राहतो. ही ओढाताण अद्याप बाजारांतल्या बहुतेक यंत्रांस सोडवितां आलेली नाहीं, आणि कपाळ दुखण्याचें तें एक कारण आहे.

दुसरें कारण आपल्या भाषेस चांगलें ठाऊक आहे. पूर्वीं कोंकणांत जाणारांस बोट लागे. आंबोलीच्या घाटांत आजही गाडी लागते. गाडींत पुस्तक वाचणाराचा कान हालचाल सांगतो, पण डोळा म्हणतो सर्व स्थिर आहे. येथें उलट: डोळा धांवतो आणि देह खुर्चींत बसलेला. डोकें वळविल्यावर चित्र सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून उशिरां वळलें तर मळमळ अधिकच वाढते. नवख्यानें प्रथम एका जागीं उभें राहून खेळावयाचे खेळ घ्यावे, गाड्यांच्या शर्यती मागाहून. मळमळतांच थांबावें, सरावानें जाईल म्हणून दांत ओठ खाऊन बसणें हा निव्वळ हट्ट आहे.

पट्टीविषयीं थोडें. मुलें ती पुढून आवळतात आणि गालांवर वळ उमटतात. भार डोक्याच्या मागच्या फुगवट्यावर व माथ्यावर घेतला म्हणजे नाक मोकळें राहतें. अगदीं लहानांस मात्र तें देऊं नये. मेटा कंपनीची मर्यादा पूर्वीं तेरा वर्षांची होती. २०२३ मध्यें पालकांच्या देखरेखीखालीं ती दहावर आणली. माझें मत विचाराल तर जुनी मर्यादाच बरी होती.

खेळ झाला कीं यंत्र सोप्यांतल्या झोपाळ्यावर वा खिडकींत टाकून जेवावयास उठूं नये. त्या भिंगांतून शिरलेलें ऊन थोड्याच वेळांत आंतील पडद्यावर कायमचे डाग पाडतें.