पहिलं पिस्तूल घेताना किंमत नको, मूठ बघा

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझपदक मिळवले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक पदकासाठी ७२ वर्षे वाट पाहावी लागली. त्याच ऑलिंपिकमध्ये हरियाणातील गोरिया गावच्या मनू भाकरने एअर पिस्तुलावर दोन ब्राँझपदके घेतली, एक एकटीने आणि एक सरबज्योत सिंगच्या जोडीने. राही सरनोबत आणि तेजस्विनी सावंत यांच्यामुळे कोल्हापूरला नेमबाजी आधीच ठाऊक होती. आता ती वाडी-वस्तीवर पोचली आहे.

शेतकरी मेळाव्यात खताचा डोस, हुमणीचा बंदोबस्त हे प्रश्न संपले की हल्ली हमखास कुणीतरी विचारतं, "साहेब, पोराला पिस्तूल घ्यायचंय. कुठलं घेऊ?" माझी भाची चार वर्षं एअर पिस्तूल चालवते आणि तिच्याबरोबर माझं रेंजवर जाणं होतं, हे लोकांना माहीत झालंय. म्हणून हा लेख.

सुरुवात एअर पिस्तुलापासूनच

नव्या मुला-मुलीने सुरुवात १० मीटर एअर पिस्तूलने करावी. यात दारू नसते. दाबलेल्या हवेने ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. आवाज कमी, झटका जवळजवळ नाही, त्यामुळे मूल दचकत नाही आणि चुकीची सवय लागत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. पॉइंट टू-टूचं पिस्तूल मात्र अग्निशस्त्र आहे. त्याला परवाना लागतो आणि तो नवशिक्याचा विषय नव्हे.

काही मंडळी विचारतात, "रानडुकराला चालेल का?" अजिबात नाही. हे पिस्तूल कागदावरच्या लक्ष्यासाठी आहे. पीकसंरक्षणाचा परवाना ही वेगळी बाब असून तो लांब नळीच्या बंदुकीचा असतो. आणि पोरांनी पाखरांवर, मोरांवर छर्रे मारणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

आधी महिने मोजा, मग पैसे

आपण नवीन वाण एकदम पाच एकरांवर लावत नाही. आधी दोन गुंठ्यांवर बघतो. इथेही तेच. पहिले चार-सहा महिने क्लबच्या किंवा रेंजच्या पिस्तुलावर सराव करू द्या. मुलाला दहा मीटरवर, साडेअकरा मिलिमीटरच्या दहाच्या वर्तुळाकडे बघत तासन् तास उभं राहायची गोडी लागते का, हे तेवढ्यात कळतं. स्वप्नीलही घडला तो सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत. शिकवणारा माणूस आधी शोधा, पिस्तूल नंतर.

माझ्या पाहण्यातल्या एका शेतकऱ्याने ऊसबिलाचे पैसे आले तसे थेट परदेशी पिस्तूल घेतले. नामांकित कंपनीचे, लाखाच्या पुढचे. मुलगी तेरा वर्षांची, हात लहान आणि मूठ मोठ्या माणसाची. बोट चापापर्यंत नीट पोचेना, म्हणून ती मनगट वळवून धरू लागली. सगळे छर्रे एका बाजूला जाऊ लागले. घरात मात्र बोलणी पोरीला बसली, की एवढे पैसे घातले तरी हिला जमत नाही. पुढे प्रशिक्षकाने लहान मूठ बसवून दिली तेव्हा छर्रे मध्यावर आले. चूक पोरीची नव्हतीच.

मूठ कशी तपासायची

चांगल्या पिस्तुलाची मूठ लाकडी असते. ती लहान, मध्यम, मोठी अशा मापांत आणि डाव्या-उजव्या हातासाठी वेगवेगळी मिळते. पायातली चप्पल मापाची लागते, तशी हातातली मूठही मापाची लागते.

तपासणी सोपी आहे. पिस्तूल रिकामे आहे याची खात्री करून मुलाला लक्ष्याकडे तोंड करून उभे करावे. डोळे मिटून हात वर उचलायला सांगावे आणि मग डोळे उघडायला लावावेत. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप मधोमध आली, तर मूठ जुळली. दर वेळी माशी डावीकडे किंवा उजवीकडेच दिसत असेल तर मूठ जुळत नाही. तसेच चापावर बोटाचं पहिलं पेर पडलं पाहिजे आणि ते बोट लाकडाला घासता कामा नये. थोडाफार फरक कानशीने घासून किंवा लाकडी लांबी भरून काढता येतो. मोठी चूक मात्र निघत नाही.

वजन आणि चाप

नियमाप्रमाणे एअर पिस्तूल दीड किलोपर्यंत चालते. बहुतेक मोठी पिस्तुलं किलोच्या आतबाहेर असतात. लहान हातांसाठी आखूड नळीची, हलकी पिस्तुलं मिळतात. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० छर्रे, तेही एका हाताने, दुसऱ्या हाताचा आधार न घेता. शिवाय न जमलेला हात खाली घेऊन पुन्हा उचलायचा असतो, म्हणजे उचलणं शंभराच्या घरात जातं. घरच्या घरी अंदाज घ्या. लिटरभर पाण्याची भरलेली बाटली हात सरळ ठेवून पंधरा सेकंद धरायची, मिनिटभर विसावा, असं वीस वेळा. शेवटी खांदा वर चढत असेल तर हलकंच पिस्तूल घ्या आणि दोरीच्या उड्या, जोर सुरू करा.

चाप किमान ५०० ग्रॅमचा लागतो. स्पर्धेआधी पंच चापाला अर्ध्या किलोचं वजन लावून बघतात. चाप दोन तऱ्हेचे असतात, यांत्रिक आणि बॅटरीवरचा. बॅटरीवरचा मऊ लागतो, पण बिघडला तर गावात दुरुस्त करणारा नाही. २०२१ मध्ये टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडलं, तिची मोलाची मिनिटं गेली. पहिल्या पिस्तुलाला साधा यांत्रिक चाप पुरेसा आहे.

हवा कुठून भरणार?

हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही आणि घरी आल्यावर अडतं. आजची स्पर्धेची पिस्तुलं बहुतेक सिलिंडरची असतात. त्यात साधारण २०० बारपर्यंत हवा भरावी लागते. त्यासाठी खास हातपंप किंवा मोठी टाकी हवी. सायकलचा पंप किंवा पंक्चरवाल्याची हवा चालत नाही. वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन तर कधीही भरू नये, स्फोट होऊ शकतो. रेंज लांब असेल तर दर छर्ऱ्याला दांडा ओढून हवा दाबायचं पिस्तूल सोयीचं. त्याला सिलिंडरची कटकट नाही.

जुनं पिस्तूल घ्यायला हरकत नाही. मात्र सिलिंडरवरची तारीख बघा. साधारणपणे त्याचं आयुष्य दहा वर्षं धरतात. भरून रात्रभर ठेवा, काटा उतरला तर कुठेतरी गळती आहे. मूठ कोणत्या हाताची आहे तेही बघा. डावखुऱ्याचं पिस्तूल स्वस्तात मिळालं म्हणून उजव्या हाताला घेऊ नये.

घरातली शिस्त

पिस्तूल कुलपात, छर्रे वेगळ्या कुलपात. रिकामं असलं तरी तोंड कधी माणसाकडे किंवा जनावराकडे करायचं नाही. चापावर बोट नेम धरल्यावरच. गोठ्याच्या भिंतीवर किंवा पत्र्यावर मारू नये, छर्रा उलटून डोळ्यात जातो. सरावात डोळ्यांना चष्मा हवा. छर्रे शिशाचे आहेत, सराव झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये.

स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी ही नावं मोठी आहेत आणि मालही उत्तम आहे. पण पालकांनी दुकानात जाताना नाव पाठ करून जाऊ नये, मुलाला बरोबर घेऊन जावं. त्याच्या हातात बसेल, त्याचा खांदा पेलेल आणि आपल्या गावात ज्याची हवा भरता येईल, तेच पहिलं पिस्तूल. उरलेले पैसे छर्रे आणि रेंजपर्यंतच्या एसटी भाड्याला राखून ठेवा. खरा खर्च तिथे होतो.