चिंबोरी जिवंत घरी आणताना

पनवेल खाडीत भरतीबरोबर सोडलेली गोल जाळी काकांनी वर ओढली. मधोमध बांधलेल्या माशाच्या डोक्याला काळपट हिरवी चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, बिलगली होती. मी वाकलो तसे काका ओरडले, "हात नको घालू! आधी बांधू दे."

त्यांनी काठीने तिची पाठ चिखलात दाबली. सुतळीचा फेरा दोन्ही नांग्यांच्या पुढून घेऊन त्या तोंडाशी आवळल्या आणि गाठ पाठीमागे मारली. मोठ्या चिंबोरीच्या नांगीत माणसाचं बोट मोडण्याइतकी ताकद असते. शिवाय मोकळ्या चिंबोऱ्या एकमेकींचेच पाय तोडतात.

अशाच आणखी चिंबोऱ्या धरून झाल्यावर पारख. काकांनी पोटाकडची बाजू पायांच्या मुळाशी अंगठ्याने दाबून पाहिली. कवच दबलं तर ती नुकतीच कात टाकलेली, आत पाणीच जास्त. अशा पोच्या आणि तळहाताहून लहान चिंबोऱ्या त्यांनी परत खाडीत सोडल्या. आमच्या वाट्याला सात उरल्या.

पहिल्या खेपेला मी चिंबोऱ्या पाण्याने भरलेल्या बादलीतून नेल्या होत्या. घरी पोचेपर्यंत निम्म्या मेल्या. काकांनी नंतर समजावलं, तेव्हा चूक कळली. चिंबोरी कल्ल्यांनी श्वास घेते. साठलेल्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो आणि ती गुदमरते. कल्ले ओले राहिले, तर मात्र ती पाण्याबाहेर कित्येक तास तग धरते.

म्हणून आता गोणपाट. तेही खाडीच्याच पाण्यात भिजवायचं, नळाच्या नाही. तळाशी ओलं गोणपाट, त्यावर चिंबोऱ्या पोट खाली ठेवून एका थरात, वरून पुन्हा ओलं गोणपाट. मोटारसायकलवर उन्हाइतकंच वाऱ्याला जपावं लागतं, कारण वारा गोणपाट भराभर सुकवतो. खांदा कॉलनीला पोचेपर्यंत मी दोनदा थांबून बाटलीतलं खारं पाणी शिंपडलं.

पनवेलजवळ खाडीसारखं कर्नाळ्याचं जंगलही आहे, 1968 पासूनचं पक्षी अभयारण्य. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आता परवानगीशिवाय रानडुकराची किंवा सशाची शिकारच काय, त्यांचं मटण बाळगणं आणि वाहून नेणंही गुन्हा आहे. ते योग्यच आहे. शिकार करून घरी घेऊन जाण्याचा आनंद आमच्यापुरता खाडीत उरला आहे, आणि त्याची जबाबदारीही.

घरी मोरीत गोणपाट उघडलं. एकेकीच्या डोळ्याला काडी लावली. डोळा झटकन खाचेत मिटला, की ती जिवंत. सहा मिटले. सातवीचे पाय लुळे लोंबत होते, ती बाजूला काढली. मेलेल्या चिंबोरीचं मांस फार लवकर नासतं, ते रश्श्यात घालायचं नाही हा आमच्याकडचा नियम. एक जीव वाया गेला, याची मात्र रुखरुख लागली.

खाडीवर जाल तेव्हा खाण्यापुरतंच धरा, लहान ती सोडा आणि सोबत गोणपाट न्या. खाडीतून काढलेला जीव चुलीपर्यंत नीट पोचवणं हे धरणाऱ्याचंच काम आहे.