हळदीचा डाग

या रे बाळांनो, ओटीवर बसा. आज दुपारी धाकटीच्या पांढऱ्या फ्रॉकवर वरण सांडलं. आईनं डागाला साबण चोळला, तर पिवळा डाग एकदम लाल! धाकटी रडकुंडीला आली. मी म्हटलं, लिंबाची फोड आण. रस पिळला आणि डाग पुन्हा पिवळा. सगळे बघतच राहिलात.

ही जादू नाही. हळदीतल्या रंगद्रव्याला करक्युमिन म्हणतात. आंबटाच्या संगतीत ते पिवळं राहतं. साबण, चुना, पापडखार यांची गाठ पडली की त्याच्या कणाची ठेवण किंचित बदलते आणि तो प्रकाशातले वेगळे रंग शोषू लागतो. म्हणून आपल्याला लाल दिसतो. हळदीचं कुंकू करताना त्यात खार घालतात, तो याच गुणासाठी. आता फ्रॉक धुऊन उन्हात वाळत घाला. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही.

या डागावरून मला एक माणूस आठवला. आपल्या रोह्याहून गाडीत बसलं की नागोठण्यापुढे पेण लागतं. पेण म्हटलं की तुम्हाला गणपतीचे कारखाने आठवतात. पण त्याच पेण तालुक्यात गागोदे नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या भाव्यांच्या घरात असल्या डागांवर जीव लावणारा एक माणूस होऊन गेला. नाव नरहरी शंभूराव भावे. 11 सप्टेंबर 1895 रोजी त्यांना मुलगा झाला, विनायक. त्यालाच पुढे जग विनोबा म्हणू लागलं. मुलाची गोष्ट सगळे सांगतात. मी आज बापाची सांगतो.

नरहरीपंत नोकरीला होते बडोद्याला. कापड आणि रंग हा त्यांचा विषय. काम कचेरीत संपायचं नाही, घरीही प्रयोग चालायचे. कापडाचे छोटे छोटे तुकडे रंगात बुडवायचे, कुठली छटा उतरली ते पाहायचं, मग प्रमाण बदलून पुन्हा बुडवायचं.

तुम्ही म्हणाल, रंगात बुडवलं की झालं, त्यात कसला प्रयोग? तिथंच तर गंमत आहे. कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोज. पुष्कळ झाडपाल्याचे रंग त्याला धरतच नाहीत, एका धुण्यात वाहून जातात. म्हणून जुने रंगारी कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवायचे. तुरटीत अ‍ॅल्युमिनियम असतं. ते एका हातानं धाग्याला धरतं आणि दुसऱ्या हातानं रंगाला. मंजिष्ठेचा तांबडा रंग असाच पक्का बसतो.

आणि निळीची तऱ्हा तर सगळ्यांहून न्यारी. नीळ पाण्यात विरघळतच नाही. कुंडात आंबवताना तिला हायड्रोजन जोडला गेला, की ती विरघळते, पण मग निळी राहत नाही. कापड कुंडातून काढलं की हिरवट पिवळं दिसतं. वारा लागला, हवेतला प्राणवायू मिळाला, की डोळ्यांदेखत हिरवं होत होत निळं होतं. रंग कुंडात नाही, हवेत पुरा होतो!

पुढे 1856 साली इंग्लंडात पर्किन नावाच्या 18 वर्षांच्या पोराला हिवतापावरचं औषध शोधताना दगडी कोळशाच्या डांबरातून आलेल्या द्रव्यापासून जांभळा रंग मिळाला. तिथून रसायनाच्या रंगांचं युग सुरू झालं. नरहरीपंत त्या युगातले. आज आपल्या रोह्याजवळच्या धाटावला रसायनांचे कारखाने आहेत, तेही त्याच वाटेवरचे.

पण या माणसाचं मन नुसतं रंगात बुडालेलं नव्हतं. मुलं लहान असताना ती आईबरोबर गागोद्याला असत आणि वडील दिवाळीला बडोद्याहून येत. एकदा आई म्हणाली, बाबा खाऊ आणतील. विन्या वाट बघत बसला. वडिलांनी हातात पुडकं ठेवलं. लाडू-पेढ्यांचं असतं तर गोल लागलं असतं, हे तर चपटं! उघडलं तर आत मुलांसाठीचं रामायण आणि महाभारत. आईचे डोळे भरून आले. यापेक्षा चांगला खाऊ कुठला, असंच ती म्हणाली. वडिलांकडून विनोबांना गणिताची आणि प्रयोगाची गोडी लागली, आईकडून भक्तीची. पुढे विनोबांनी तासाला सूत किती निघतं, त्यावर पोट भरतं का, याचे हिशेब स्वतः कातून मांडले, तेव्हा बडोद्याच्या घरातले ते कापडाचे तुकडेच कामी आले, असं मला वाटतं.

1918 साली विनोबांच्या आई रुक्मिणीबाई गेल्या. त्यानंतर नरहरीपंत जवळजवळ 30 वर्षं जगले. मुलं सेवेच्या वाटेनं गेली. यांनी उतारवयात संगीताचा अभ्यास धरला आणि मृदंगवादनावरची पुस्तकं छापून जुनी विद्या राखली. शिकणं त्यांनी थांबवलं नाही.

1947 साली धुळ्याला त्यांनी देह ठेवला. लोक म्हणाले, अस्थी गोदावरीत सोडू. विनोबांनी त्या जमिनीत पुरल्या आणि वर तुळस लावली. बाळांनो, हाडात मुख्यत्वे असतं कॅल्शियम आणि फॉस्फरस. माती ते हळूहळू सोडवते, मुळं ते ओढून घेतात आणि पानांत पोचवतात. जन्मभर रंग धाग्यात मुरवणारा माणूस शेवटी असा मातीत मुरला.

उद्या फ्रॉकवरचा डाग उडालाय का, ते बघा. आणि उडाला नसेल, तर का नाही उडाला, ते मला येऊन विचारा.