निद्रेतील श्वासरोध व व्यक्तिपरत्वे दाबयोजना

मोठ्याने घोरणाऱ्या मनुष्याला गाढ झोप लागली आहे, असा सार्वत्रिक समज आहे. शरीरक्रियाविज्ञानाच्या दृष्टीने तो पुष्कळदा उलटा ठरतो. घोरणे मध्येच थांबते. छाती व पोट हलत राहतात, परंतु नाकातोंडावाटे हवा आत जात नाही. दहा किंवा त्याहून अधिक सेकंद असे गेल्यावर रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणमात्र जागा होतो आणि एका धक्क्यासरशी श्वास पुन्हा सुरू होतो. रात्रीतून शेकडो वेळा हे घडले तरी सकाळी त्याची आठवण नसते. उरते ती दिवसाची गुंगी. या विकारास अवरोधजन्य निद्राश्वासरोध, किंवा प्रचारातील नावाने स्लीप ॲप्निया, म्हणतात. पूर्ण व अंशतः मिळून तासाला सरासरी किती अवरोध होतात त्या संख्येवरून त्याची प्रत ठरते : ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र.

विकाराचे मूळ घशाच्या रचनेत आहे. टाळूपासून स्वरयंत्रापर्यंतच्या मार्गाला हाडाचा वा कूर्चेचा पक्का आधार नाही. जागेपणी जिभेचे व टाळूचे स्नायू तो उघडा ठेवतात. झोपेत त्यांचा ताण उतरतो. ज्या दाबाला ही मऊ नळी मिटते त्यास निर्णायक दाब म्हणता येईल. निरोगी व्यक्तीत तो वातावरणाच्या दाबापेक्षा बराच खाली असतो. रुग्णात त्याच्या जवळपास किंवा वरही असतो. नाकाकडील दाब या निर्णायक दाबापेक्षा वर ठेवला म्हणजे मार्ग मिटत नाही. १९८१ साली सिडनी येथे कॉलिन सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकावरील मुखवट्यातून अखंड दाबाने हवा सोडून पाच रुग्णांत हे सिद्ध केले. त्यांना पाण्याच्या स्तंभाच्या ४.५ ते १० सेंटिमीटर एवढाच दाब पुरला. आज सीपॅप या नावाने ओळखले जाणारे यंत्र म्हणजे हवेचा हा आतून दिलेला टेकूच होय.

मात्र पाच रुग्णांतही दाबाची गरज दुपटीहून अधिक फरकाने बदलली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. म्हणूनच प्रयोगशाळेतील दाबनिश्चितीत रुग्ण झोपला असता ४ सेंटिमीटरपासून आरंभ करून, किमान पाच पाच मिनिटांच्या अंतराने दाब वाढवीत नेतात. प्रौढांसाठी २० ही मर्यादा मानली जाते. तरीही एका रात्रीत निघालेला आकडा कायमचा नव्हे. उताणे झोपल्यास व स्वप्नावस्थेत गरज वाढते. वजन, मद्य व चोंदलेले नाक यांनीही ती बदलते. सर्वांत वाईट क्षणासाठी ठरविलेला दाब उरलेली रात्र अनावश्यक जाच ठरू शकतो. स्वयंचलित यंत्र श्वासाच्या आलेखाचा सपाटपणा व घोरण्याची कंपने ओळखून दाब कमीअधिक करते. परंतु हृदयाची दुर्बलता किंवा मेंदूकडूनच श्वासाची आज्ञा न येण्याचा विकार असल्यास हे यंत्र सरसकट योग्य ठरत नाही.

याहून मूलगामी प्रश्न असा, की सर्वांचा अवरोध एकाच कारणाने होतो काय? २०१३ साली डॅनी एकर्ट व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात चार घटक वेगवेगळे मोजण्यात आले. पहिला घशाची मिटण्याची प्रवृत्ती. दुसरा, अवरोध होताच जिभेच्या स्नायूने द्यावयाचा प्रतिसाद. तो ३६ टक्के रुग्णांत क्षीण आढळला. तिसरा जागे होण्याची सीमा. ३७ टक्के रुग्ण अल्पशा त्रासानेही जागे होत. चौथा श्वसननियंत्रणाचा अतिरेक : श्वास थोडा कमी होताच तो प्रमाणाबाहेर वाढविणारी व मग थांबविणारी यंत्रणा ३६ टक्क्यांत दिसली. यावरून समान श्वासरोधसंख्येचे दोन रुग्ण समान नसतात, हे उघड होते. हलकी झोप असणाऱ्यास दाबाचा व मुखवट्याचा उपद्रवच जागे करू शकतो. नियंत्रण अतिरेकी असणाऱ्यात दाब दिल्यावर नव्याच प्रकारचे श्वासरोध उद्भवू शकतात. बहुधा काही आठवड्यांत ते ओसरतात. घशाची प्रवृत्ती सौम्य असेल तर कुशीवर झोपणे, वजन उतरविणे किंवा खालचा जबडा पुढे धरणारे साधन यांनीही काम भागू शकते.

उपचाराची खरी कसोटी यंत्र किती तास वापरले ही आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ या चाचणीत भारतासह सात देशांतील, हृदय वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेले २,७१७ रुग्ण होते. यंत्रगटाचा सरासरी वापर रात्री ३.३ तास एवढाच राहिला. दिवसाची झोपाळूपणाची भावना व मनःस्थिती सुधारली. हृदयविकाराच्या व पक्षाघाताच्या घटना मात्र कमी झाल्या नाहीत. अर्धी रात्र उशाशी पडून राहिलेल्या यंत्राकडून पूर्ण रात्रीच्या फळाची अपेक्षा धरता येत नाही.

महाराष्ट्रापुरते पाहता, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३५ ते ६५ वर्षे वयाच्या शहरी पुरुषांत निद्राश्वसनाचा दोष १९.५ टक्के आणि त्याबरोबर दिवसाची गुंगी ७.५ टक्के असल्याचा अंदाज निघाला. हे आकडे जालन्यासारख्या जिल्ह्याला जसेच्या तसे लावणे शास्त्रशुद्ध नव्हे. आणि उपचार तर त्याहूनही स्थानिक परिस्थितीवर अवलंबून आहे. लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारा कामगार सकाळी ८ ते दुपारी २ झोपतो. पुष्कळ यंत्रे दुपारी १२ ते दुपारी १२ असा एक दिवस मोजतात. त्यामुळे त्याची एकच झोप दोन तारखांत विभागली जाते आणि नोंद नीट न वाचल्यास तो निष्काळजी ठरतो. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत नाक सुकते, तेव्हा आर्द्रक हवा. परंतु जड पाण्याने त्यात क्षार साचतात, म्हणून ऊर्ध्वपातित पाणी लागते. वीज गेली तर बॅटरी हवी, आणि आर्द्रकामुळे ती लवकर उतरते. २०२२ पासून समृद्धी महामार्गाची वाहतूक या जिल्ह्यातून सुरू आहे; त्या सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाची क्षणभराची डुलकी केवळ त्याच्याच जिवावर बेतत नाही.

तात्पर्य, दाबयोजना व्यक्तिपरत्वे करणे म्हणजे केवळ योग्य आकडा शोधणे नव्हे. घसा, स्नायू, झोपेची जाडी व श्वसननियंत्रण यांबरोबरच पाळी, पाणी व वीज यांचीही विचारपूस त्यात येते. जालन्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथील अभ्यासकांना पहिल्या महिन्यातील यंत्रनोंदी, पाळी व तक्रारी एकत्र तपासण्याचे साधे काम हाती घेता येईल. यंत्र कपाटात जाते ते बहुधा त्याच काळात. आणि त्याचे कारण रुग्णास त्याच वेळी विचारले, तरच उपाय करता येतो.