नाताळच्या तिकिटातून बालरुग्णांना आधार

तिरोडा : नाताळच्या प्रथा देशोदेशी निराळ्या. व्हेनेझुएलातील कराकस शहरात लोक पहाटेच्या प्रार्थनेला चाकांचे स्केट्स घालून जात. डेन्मार्कमध्ये नाताळच्या पत्रांवर टपाल तिकिटाशेजारी आणखी एक तिकीट चिकटवले जाऊ लागले. या तिकिटाला टपालमूल्य नसते. त्याचे पैसे मुलांच्या आरोग्यासाठी जातात.

शुभेच्छापत्रांचा ढीग हाताळताना आयनार होलबोल या टपाल कर्मचाऱ्याला ही कल्पना सुचली. १९०४ मध्ये, पहिल्याच वर्षी, ४० लाखांहून अधिक तिकिटे खपली. पुढे या निधीतून कोल्डिंग येथे क्षयग्रस्त मुलांसाठी आरोग्यधाम उभे राहिले.

भारतातही ट्यूबरक्युलोसिस असोसिएशन ऑफ इंडियाने १९५० मध्ये 'टीबी सील' विक्रीस आणले. आज सरकारी रुग्णालयांत क्षयरोगाची औषधे मोफत मिळतात. मात्र औषध लागू पडण्यास पोषणाचीही जोड हवी. धानशेती आणि मजुरीवर जगणाऱ्या तिरोडा परिसरातील कुटुंबाला रोजची डाळ, अंडी, दूध परवडतेच असे नाही. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'निक्षय मित्र' उपक्रमात कोणताही नागरिक रुग्णाच्या पोषण आहाराचा भार किमान सहा महिने उचलू शकतो. होलबोल यांच्या तिकिटामागील हिशेब येथेही तोच आहे : प्रत्येकाचे थोडे, पण अनेकांचे.