केंद्ररहित चलन आणि सभांचा अधिकार
जिची नोंदवही कोणा एका पेढीच्या ताब्यात नाही, त्या बिटकॉइन-व्यवस्थेचे नियम बदलावयाचे कोणी, हा प्रश्न २०१५ साली ऐरणीवर आला. नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्यास, म्हणजे ‘ब्लॉक’ला, एक मेगाबाइटची मर्यादा होती, व्यवहार वाढले तशी ती अपुरी पडू लागली. त्या वर्षी माँट्रिऑल व हाँगकाँग येथे खुल्या परिषदा भरल्या. हाँगकाँग येथे पीटर वुइल यांनी, स्वाक्षऱ्यांची मोजणी निराळी करून जागा वाचविणारी ‘सेगविट’ योजना मांडली. ती ऑगस्ट २०१७ मध्ये अमलात आली. ह्याउलट, मे २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथे काही कंपन्यांनी व ‘खाणकाम’ करणाऱ्यांनी आपापसांत केलेल्या करारातील दुप्पट मर्यादेचे कलम नोव्हेंबरात सोडून द्यावे लागले. आज्ञावली मुक्त असल्यामुळे तिची कोणती आवृत्ती आपल्या यंत्रावर चालवावयाची, हे नोंदवही राखणारा प्रत्येक जण स्वतःच ठरवितो. सभेच्या कार्यवृत्तास तेथे कायद्याचे बळ नसते. तथापि असंतुष्टांनाही वाट मोकळीच असते. त्यांनी १ ऑगस्ट २०१७ रोजी मूळ नोंदवहीची शाखा फोडून ‘बिटकॉइन कॅश’ हे स्वतंत्र चलन (पंथ म्हटले तरी चालेल!) सुरू केले.